एचआयव्ही संशोधनातल्या सहभागींचे आपण काय देणे लागतो?

संपादक महोदय,

एचआयव्हीवरच्या औषधाची किंवा लसीची माणसांवर चाचणी होणार अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक, ‘गोरगरिबांचे उंदीर केले’. दुसरी, ‘विज्ञानासाठी कुणीतरी पुढे यायलाच हवे’. अशा संशोधनाचे प्रस्ताव एथिक्स कमिट्यांमध्ये (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समित्यांमध्ये) वाचणारे आम्ही काही जण आहोत. चाचणीत नाव घालायचे की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला या दोन्हींचा काही उपयोग नाही. त्याला धोका नेमका कुठे आहे ते कळायला हवे. आमच्या मते गोळीत किंवा सुईत असतो त्याहून जास्त धोका दोन ठिकाणी असतो: आजाराची बातमी फुटण्यात, आणि चाचणी संपल्यावर वाऱ्यावर सोडले जाण्यात. संमतीपत्रके मात्र मळमळ, पुरळ आणि चक्कर यांवर पानेच्या पाने खर्च करतात आणि या दोन गोष्टी चार ओळींत उरकतात.

फायद्याची बाजू आधी मांडतो, कारण तिचा काही भाग पुण्यात घडला आहे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये सुरू झाली. एचपीटीएन ०५२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, त्यांत पुणे आणि चेन्नई इथलीही. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. बाधित जोडीदाराच्या सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशी, एचआयव्हीमुळे त्या घटत जातात) ३५० ते ५५० च्या दरम्यान. निम्म्या जोडप्यांत बाधिताला लगेच औषधे सुरू केली. उरलेल्या निम्म्यांत सीडी४ २५० पर्यंत उतरल्यावर किंवा एड्सशी संबंधित आजार दिसल्यावर. कंडोम, समुपदेशन आणि गुप्तरोगांवरचे उपचार सगळ्यांना सारखे. जोडीदाराकडूनच झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ लागणींपैकी २७ उशिरा उपचारांच्या गटात होत्या, लगेच उपचारांच्या गटात फक्त एक. लागण ९६ टक्क्यांनी घटली. स्वतंत्र देखरेख मंडळाने एप्रिल २०११ मध्ये हे आकडे पाहून निकाल थांबवून ठेवू नका असे सांगितले. मे महिन्यात ते जाहीर झाले आणि दुसऱ्या गटालाही औषधे देऊ करण्यात आली. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, असे आज एआरटी केंद्रातला (एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातला) समुपदेशक ठामपणे सांगतो. त्या ठामपणामागे या जोडप्यांनी दिलेली वर्षे आहेत.

आणि ते २७ जणही आहेत. चाचणी आखली गेली तेव्हा गरीब देशांत सीडी४ २०० च्या आसपास आल्यावर औषधे सुरू करण्याचा रिवाज होता, त्यामुळे उशिराच्या गटाला बाहेर मिळाले असते त्याहून कमी काही मिळत नव्हते. पण २००९ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा ३५० वर नेली. चाचणी चालू असताना बाहेरचे उपचार बदलले की जुनी सही पुरत नाही. सहभागीला बोलावून, ‘आता बाहेर औषध लवकर देतात, तुम्हाला इथे थांबायचे आहे का?’ असे स्पष्ट विचारून नव्याने संमती घ्यावी लागते. प्रस्ताव तपासताना आम्ही पहिल्यांदा हेच बघतो: उपचारांच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या तर सहभागींना किती दिवसांत कळवणार, आणि ते कोण करणार? उत्तर बहुधा ‘योग्य वेळी’ असे असते. तिथे दिवसांचा आकडा लिहून घेतल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

याच चाचणीत एक बाब अशी होती की तिच्याकडे बाहेरच्या माणसाचे सहसा लक्ष जात नाही. लागण जोडीदाराकडूनच झाली हे ठरवायला दोघांच्या रक्तातल्या विषाणूचा जनुकीय क्रम काढून तो जुळतो का ते बघतात. एकूण ३९ लागणी नोंदल्या गेल्या, त्यांतल्या २८ जुळल्या. उरलेल्यांत काही ठिकाणी विषाणू घरातल्या जोडीदाराचा नव्हता. संशोधकाच्या दृष्टीने हा तक्त्यातला एक आकडा; त्या घरात मात्र हा कागद पोचला तर संसार मोडेल, आणि बाई असेल तर मारही खाईल. म्हणून असा निकाल नमुन्याच्या सांकेतिक क्रमांकावरच राहिला पाहिजे, केंद्रातल्या कर्मचाऱ्यांपर्यंत नावासकट जाता कामा नये, आणि तो कुणालाही वैयक्तिकरीत्या कळवला जाणार नाही हे संमतीपत्रात सुरुवातीलाच लिहिलेले हवे. शिवाय दोन विषाणू जुळले म्हणजे कोणाकडून कोणाला गेला हे त्यावरून ठरत नाही. कोर्टकचेरीत पुरावा म्हणून असा कागद वापरण्याचा प्रयत्न झाला तर संस्थेने ठाम राहायला हवे.

बातमी फुटते कशी? कुलूपबंद कपाटातून क्वचितच. ती फुटते फोनवरून. ठरलेल्या दिवशी सहभागी आला नाही की केंद्रातून फोन जातो. तो सासू उचलते, आणि पलीकडून ‘अमुक संस्थेतून बोलतोय, रक्त द्यायला आल्या नाहीत’ असे वाक्य येते. यावर उपाय साधा आहे. फोनवर काय बोलायचे ते वाक्य आधी लिहून कमिटीपुढे ठेवायचे, फोन कुणी उचलला तर बोलायचे आणि कुणी उचलला तर ‘चुकून लागला’ म्हणून ठेवायचे हे सहभागीकडूनच ठरवून घ्यायचे. प्रवासभत्त्याचेही तेच. बँकेत किंवा यूपीआयवर पैसे टाकले की संस्थेच्या नावासकट मेसेज येतो, आणि पुष्कळ घरांत बँकेला जोडलेला मोबाइल नवऱ्याकडे असतो. रोख द्या, पावतीवर सांकेतिक क्रमांक घाला. घरभेटीला जाणारी गाडी संस्थेच्या बोधचिन्हाची नसावी. संमतीपत्राच्या प्रत्येक पानावर वर चाचणीचे पूर्ण नाव छापलेले असते आणि त्यात ‘एचआयव्ही’ असतेच. नियमाप्रमाणे प्रत सहभागीला द्यावी लागते, मग ती घरात कुठे ठेवायची? पानांवर छोटे, आजाराचा उल्लेख नसलेले नाव घालावे, आणि प्रत नको म्हणणाऱ्याची प्रत बंद पाकिटात केंद्रात ठेवून तशी नोंद करावी. कधीही मागितली तर मिळेल, हेही सांगावे.

कायद्याने याची जाणीव ठेवली आहे. २०१९ च्या ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या’ नियमांनुसार, अगदी नव्या रेणूच्या (आधी मंजूर नसलेल्या औषधाच्या) चाचणीत दुर्बल गटातल्या सहभागीची संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण ठेवावे लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरच्या औषधांसाठी मात्र फक्त ध्वनिमुद्रण. चेहरा दिसू नये हा हेतू. पण मुद्रणाची सुरुवातच ‘तुमचे पूर्ण नाव आणि गाव सांगा’ अशी झाली तर चेहरा लपवून उपयोग काय? आवाज कशावर नोंदवला, तो फोन कुणाचा, फाइल व्हॉट्सअॅपवरून पुढे गेली का, किती वर्षांनी पुसणार, हे प्रश्न तपासणीला येणाऱ्यांनी विचारावेत. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार बाधित व्यक्तीवर समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय उपचारही करता येत नाहीत आणि संशोधनही.

समजून-उमजून, हे पाळणे सर्वांत कठीण. एआरटी केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याच केंद्रातल्या डॉक्टरांनी ‘एक अभ्यास आहे, येता का?’ असे विचारले की नाही म्हणणे त्याला जड जाते. सरकारी औषध बंद होईल ही भीती तो बोलून दाखवत नाही. म्हणून संमती घेणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळी हवी, आणि ‘तुम्ही नाही म्हणालात तरी महिन्याच्या गोळ्या याच खिडकीवर मिळत राहतील’ हे वाक्य पहिल्या पानावर ठळक हवे. किमान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी माहिती पुन्हा वाचून दाखवण्याऐवजी सहभागीलाच प्रश्न विचारावेत: तुम्हाला कोणते औषध द्यायचे हे कोण ठरवणार? बहुतेक जण ‘डॉक्टर’ म्हणतात. ते ‘चिठ्ठी काढून ठरते, डॉक्टरांनाही माहीत नसते’ असे येईपर्यंत सही घेऊ नये. तुलनेसाठी दिलेल्या कोऱ्या गोळीत औषध नसते हे कळले आहे का? मध्येच बाहेर पडता येते हे ठाऊक आहे का? रक्त किती काढणार हे मिलिलिटरमध्ये लिहिलेले असते. १५ मिलि म्हणजे चहाचे तीन चमचे, असे लिहिले तर ‘बाटलीभर रक्त नेतात’ ही अफवा निम्म्याहून कमी होईल. वाचता न येणाऱ्यासाठी निष्पक्ष साक्षीदार लागतो. तो केंद्राचा शिपाई नसावा.

भत्त्याबद्दल एक शब्द. कमी दिला तर मजुरी बुडवून येणारा माणूसच संशोधनाचा खर्च उचलतो. फार दिला तर तो केवळ पैशासाठी येतो आणि भेटीत त्रास लपवतो, कारण त्रास सांगितला तर चाचणीतून काढतील. दिवसाची मजुरी, येण्या-जाण्याचे भाडे आणि जेवण एवढा हिशेब करून प्रत्येक भेटीला, त्याच दिवशी द्यावा. ‘सगळ्या भेटी पूर्ण केल्यास शेवटी एकरकमी’ ही अट तर सरळ नाकारावी. तिने बाहेर पडण्याचा हक्क कागदावरच राहतो.

गरोदर स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर आपल्याकडे फार हळवेपणाने बोलले जाते. ‘पोटात बाळ असलेल्या बाईवर प्रयोग नकोत’ हे ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होतो की औषध तिला द्यायचेच असते, फक्त ते तपासलेले नसते. क्षय होऊ नये म्हणून एचआयव्ही असलेल्यांना आयसोनियाझिड द्यावे, गरोदर असल्या तरी, अशी शिफारस आधीपासून होती. गरोदरपणातल्या सुरक्षिततेची नीट चाचणी मात्र नंतर झाली: आठ देशांतल्या ९५६ स्त्रिया, त्यांत पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्याही. निम्म्यांना गरोदरपणातच औषध, निम्म्यांना बाळंतपणानंतर १२ आठवड्यांनी. निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत बालकाचा जन्म, गर्भपात, अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ, जन्मजात दोष, हे सगळे धरून पहिल्या गटात २३.६ टक्के, दुसऱ्यात १७ टक्के. वाचकांपैकी कुणी हे औषध घेत असेल तर ते या पत्रामुळे बंद करू नये. इतर काही अभ्यासांत असे नुकसान दिसले नाही, शिफारसही मागे घेतलेली नाही, निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. मुद्दा हा की ही शंका तरी कळली ती त्या ९५६ जणींमुळे. एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राविर या औषधाचेही असेच झाले. २०१८ मध्ये बोट्सवानातल्या पाहणीत बाळाच्या मज्जारज्जूच्या दोषाची शंका आली, अनेक देशांत तरुण स्त्रियांना हे चांगले औषध नाकारले गेले, आणि पुढे जास्त बाळंतपणांची नोंद झाल्यावर ती शंका विरत गेली. मधल्या काळात स्त्रियांना जुन्या, कमी सोसवणाऱ्या गोळ्यांवर राहावे लागले. गरोदर स्त्रियांना चाचणीबाहेर ठेवणे म्हणजे सावधगिरी, असे कमिट्यांनी मानू नये. त्यांना लवकर, जास्त देखरेखीखाली आणि प्रसूतीपर्यंतच्या व बाळाच्या उपचारांची लेखी हमी घेऊन सामावून घ्यावे.

लसीच्या चाचणीत निरोगी माणसे येतात. भारतातली पहिली एचआयव्ही लसचाचणी २००५ च्या फेब्रुवारीत पुण्यातच सुरू झाली. लसीने एचआयव्ही होत नाही, कारण तिच्यात जिवंत एचआयव्ही नसतो. पण लस कामाला लागली तर रक्तात प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी प्रथिने) तयार होतात, आणि नेहमीची एलायझा किंवा पट्टीची तपासणी ती प्रतिपिंडेच शोधते. त्यामुळे लागण नसलेला माणूस ‘पॉझिटिव्ह’ निघू शकतो, काही वेळा कित्येक वर्षे. रक्तदान, विमा, बाळंतपणातली तपासणी, आखाती देशाच्या व्हिसासाठीचे मेडिकल या सगळ्या जागी तो अडकतो. रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणाऱ्या तरुणासाठी ही बाब अंगावर उठलेल्या पुरळापेक्षा शंभरपट मोठी आहे. विषाणूचे आरएनए (जनुकीय द्रव्य) थेट मोजणाऱ्या तपासणीने खरे काय ते कळते. तेव्हा चाचणीचा खर्च करणाऱ्या प्रायोजकाने ही तपासणी प्रतिपिंडे असेपर्यंत मोफत देण्याचे लिहून द्यावे, आणि चाचणी केंद्र बंद झाले तरी चालू राहील असा संपर्क क्रमांक द्यावा.

चाचणीमुळे मृत्यू झाल्यास द्यायच्या नुकसानभरपाईचे सूत्र २०१९ च्या त्याच नियमांत आहे: ८ लाख रुपये गुणिले वयाचा घटक गुणिले धोक्याचा घटक, भागिले ९९.३७. धोक्याचा घटक मरणासन्न रुग्णाला ०.५ पासून निरोगी माणसाला ४ पर्यंत. इथे एक जुनी सवय घात करते. एचआयव्ही म्हटले की आजार गंभीर, म्हणून घटक १ धरायचा. पण नियमित एआरटी घेणारा, व्हायरल लोड दबलेला माणूस आज जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतो. त्याच्या कुटुंबाला भरपाई निरोगी माणसाच्या चौथ्या हिश्श्याने मिळावी याला काही आधार नाही. हा घटक अपघातानंतर ठरवण्याची वेळ येऊ देऊ नये. गंभीर घटना घडल्यावर संशोधकाने २४ तासांत कळवायचे असते आणि उपचार मोफत करायचे असतात. रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरला मात्र याची माहिती नसते आणि नातेवाइकांकडे डिपॉझिट मागितले जाते. दाखल करताना दाखवायचे पत्र सहभागीजवळ आधीपासून असावे, त्यावर आजाराचे नाव नसावे.

चाचणी संपल्यावरचे देणे हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. २००४ मध्ये कंबोडियात टेनोफोव्हिर या औषधाच्या प्रतिबंधक (लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या) वापराची चाचणी सुरू होण्याआधीच बंद पडली, कारण देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी विचारले होते की नंतर त्रास झाला तर उपचार कोण करणार, आणि त्याला नीट उत्तर मिळाले नाही. पुढे त्याच औषधावर आधारित गोळ्या प्रतिबंधासाठी उपयोगी ठरल्या. म्हणजे त्या बायकांचा प्रश्न वेळीच सोडवला असता तर उत्तर लवकर मिळाले असते. २०२४ मध्ये लेनाकापाविर या प्रतिबंधक औषधाच्या सहामाही इंजेक्शनने दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण होऊ दिली नाही. या चाचणीत नुसत्या कोऱ्या औषधावर कुणालाही ठेवले नव्हते. तुलना केली ती निवडीसाठी तपासलेल्या स्त्रियांमधल्या नव्या लागणीच्या प्रमाणाशी. ही रचना नीतीच्या दृष्टीने फार चांगली आहे, आपल्याकडच्या संशोधकांनी ती शिकावी. पण अमेरिकेत या औषधाची वर्षाची छापील किंमत २८,००० डॉलरच्या वर. स्वस्त आवृत्ती १२० देशांसाठी बनवण्याचे परवाने सहा कंपन्यांना मिळाले, त्यांत पुण्याची एमक्युअरही आहे, आणि वर्षाला सुमारे ४० डॉलर दराची घोषणा २०२५ मध्ये झाली. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू त्या १२० देशांत नाहीत. याच औषधाची दुसरी मोठी चाचणी त्या चारही देशांतल्या लोकांवर झाली होती. रक्त त्यांनी दिले, स्वस्त औषधाच्या यादीत मात्र ते नाहीत. ज्या देशात चाचणी, त्या देशाला परवडणाऱ्या दरात औषध, ही अट मंजुरीच्या वेळीच घालता येते. नंतर घालता येत नाही.

निकाल कळवणे हाही त्या देण्याचाच भाग. २०११ मध्ये लवकर उपचारांचा फायदा सिद्ध झाला. निदान झाले की लगेच औषध, हे धोरण भारतात सर्वांसाठी २०१७ मध्ये आले. मधल्या सहा वर्षांत सहभागींना आणि त्यांच्या वस्त्यांना निकाल मराठीत, दोन पानांत समजावून दिला असता, तर मागणीही तिथूनच वर आली असती.

आमची मागणी मोजकी आहे. महाराष्ट्रात एचआयव्हीवर माणसांचा सहभाग असलेले जे संशोधन होईल, त्याच्या एथिक्स कमिटीत त्या बैठकीपुरता तरी एचआयव्हीसह जगणारा एक सदस्य मताधिकारासह असावा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे भेदभाव आणि आरोग्यसेवेबाबतच्या तक्रारींसाठी राज्याने लोकपाल नेमायचा असतो आणि त्याने ३० दिवसांत, तातडीच्या वैद्यकीय प्रकरणात शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा असतो. त्या लोकपालाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक प्रत्येक संमतीपत्राच्या पहिल्या पानावर, मराठीत, संशोधकाच्या क्रमांकाच्या शेजारी छापावा.

आपले,
एथिक्स कमिट्यांवर काम करणारे काही सदस्य, पुणे